गळती कुणाची, खर्च कुणाचा?

मिळकतकराचं बिल हातात पडलं की पुणेकर दोनच गोष्टी बघतो: एकूण आकडा किती, आणि मुदतीच्या आत भरलं तर सूट किती. त्या आकड्याच्या पोटात आणखी एक वजावट असते, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या करविषयक नियमांप्रमाणे घराचं वार्षिक भाडं ठरवल्यावर त्यातून १० टक्के रक्कम आधी वजा करतात आणि मग करयोग्य मूल्य काढतात. ही वजावट कशासाठी, तर दुरुस्तीसाठी. पुणे महापालिका कित्येक वर्षं १० ऐवजी १५ टक्के वजावट देत होती, शिवाय स्वतःच्या घरात राहणाऱ्याला ४० टक्क्यांची सवलत होती. १९७० सालापासून चालत आलेल्या या उदारपणावर लेखापरीक्षणात आक्षेप आले, सवलत गेली, शहरभर ओरड झाली, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ४० टक्के पुन्हा बहाल केले. देखभालीची वजावट मात्र कायद्यात होती तेवढीच, १० टक्क्यांवर आली. त्या गदारोळात चर्चा झाली ती फक्त चाळीस टक्क्यांची.

थोडक्यात, घरमालक दरवर्षी घरावर चार पैसे खर्च करणार हे कायद्याने गृहीतच धरलं आहे आणि तेवढ्या रकमेवर करही सोडला आहे. ते चार पैसे खरोखर घरावर खर्च होतात का, हे विचारायला कुणी येत नाही. विचारणा होते ती काहीतरी पडल्यावर.

घराच्या देखभालीचे नियम एका पुस्तकात सापडत नाहीत. थोडे महापालिका अधिनियमात आहेत, थोडे सहकारी संस्थांच्या उपविधींत, थोडे भाडेनियंत्रण कायद्यात. झाडांचा कायदा वेगळा, अग्निशमनाचा वेगळा. पण सगळे वाचून काढले तर त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो: पैसे कुणी घालायचे आणि दुर्घटना झाली तर उत्तर कुणी द्यायचं. ज्या इमारतीत या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं ती टिकते. जिथे मालक एक, राहणारा दुसरा आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं फक्त कोर्टात, तिथे छप्पर आधी जातं आणि मग भिंती.

सुरुवात सोसायटीपासून करू, कारण आज बहुतेक पुणेकर सोसायटीत नाहीतर अपार्टमेंटमध्ये राहतात आणि तिथला सगळ्यात जुना तंटा गळतीचा आहे. खालच्याच्या छताला डाग पडतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात. वरचा म्हणतो माझं बाथरूम ठणठणीत आहे, सेक्रेटरी म्हणतात हा तुमचा दोघांचा मामला. आदर्श उपविधींनी ही वाटणी खरं तर बऱ्यापैकी स्पष्ट केली आहे. आवारभिंत, अंतर्गत रस्ते, बाहेरचे पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाइप, टाक्या, पंप, जिना, लिफ्ट, बाहेरच्या भिंती, गच्ची आणि तिचा कठडा हे सगळं सोसायटीचं. पावसाच्या पाण्याने होणारी गळती सोसायटीची, सामाईक पाइपातून होणारीही सोसायटीची. गच्ची गळून सर्वांत वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत खराब झालं, तर त्या छताचा गिलावासुद्धा सोसायटीनेच करून द्यायचा. सदस्याच्या वाट्याला येते ती घराच्या आतली दुरुस्ती, आणि त्यात संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी गळती आली.

तेव्हा भांडणाआधी पाणी कुठून येतंय ते शोधावं लागतं आणि ते शोधता येतं. डाग पावसाळ्यात वाढून दिवाळीनंतर वाळत असेल तर संशय गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर. बारा महिने ओल कायम असेल आणि वरच्या मजल्यावरची मंडळी आठ दिवस गावाला गेली की कमी होत असेल, तर नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं. वरचं घर बंद असतानाही थेंब थांबत नसेल तर दाबाखालची पाइपलाइन फुटली आहे असं समजावं. खात्री करायची साधी रीत प्लंबर मंडळी वर्षानुवर्षं वापरतात: नहाणी ट्रॅप बोळ्याने बंद करायचा, बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरायचं, त्यात थोडा रंग टाकायचा आणि एक-दोन दिवस तसंच ठेवायचं. खालच्या छतावर तोच रंग उतरला तर वाद संपला. ही चाचणी समितीच्या कुणासमोर केली आणि तारखेसह फोटो काढून ठेवले, तर पुढे सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे जायची वेळ सहसा येत नाही.

आता पैसे. उपविधींप्रमाणे दुरुस्ती-देखभाल निधी दरवर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. टक्के ऐकायला बरे वाटतात, पण बांधकाम खर्च धरायचा तो इमारत बांधली तेव्हाचा, जमिनीची किंमत वगळून. नव्वदच्या दशकातल्या एखाद्या फ्लॅटचा बांधकाम खर्च दोन लाख धरा. सिंकिंग फंड झाला वर्षाला ५०० रुपये. तीस वर्षांत, व्याज सोडून, फ्लॅटमागे १५ हजार. दुरुस्ती निधी वर्षाला १,५०० म्हणजे महिन्याला १२५ रुपये. वीस फ्लॅटच्या इमारतीचा सिंकिंग फंड तीस वर्षांनी तीन लाख होतो, आणि तेवढ्यात आज बाहेरून परांची बांधून प्लास्टर आणि रंगकाम करायचं म्हटलं तर अर्धी इमारतसुद्धा होणार नाही. उपविधींनी ‘किमान’ म्हटलं आहे, पण सोसायट्यांनी त्यालाच कमाल करून टाकलं. दर ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे आणि सभेत मेंटेनन्स वाढवायचा विषय आला की अर्धे हात खाली जातात. सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं, मग फ्लॅट मोठा असो की छोटा. लिफ्टचा खर्चही तळमजल्यासकट सगळ्यांना सारखा. यावरही दर सभेत एकदा वाद होतोच.

अपार्टमेंटचं गणित वेगळं. पुण्यात १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या इमारती पुष्कळ आहेत आणि त्यातल्या अनेकांना आपण सोसायटी नाही हे ठाऊकच नसतं. तिथे प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा घोषणापत्रात टक्क्यांत लिहिलेला असतो आणि सामाईक खर्च त्याच प्रमाणात वाटायचा असतो. म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. पुण्यातल्याच एका संकुलाचा हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०२५ मध्ये न्यायालयाने हिश्शाप्रमाणे वर्गणी हेच बरोबर ठरवलं. आपली इमारत कोणत्या कायद्याखाली आहे हे खरेदीखतात पाहिलंत तर बरीच भांडणं जागेवर मिटतील.

समितीचे हातही उपविधींनी बांधले आहेत. २५ सदस्यांपर्यंतच्या सोसायटीत समितीला स्वतःच्या अधिकारात २५ हजार रुपयांपर्यंत दुरुस्ती करता येते, ५० सदस्यांपर्यंत ५० हजार, त्यापुढे एक लाख. त्याहून मोठ्या कामाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. हे बंधन चांगल्या हेतूने घातलं आहे, पण मे महिन्यात गच्चीला तडा दिसला आणि सभा सप्टेंबरात, तर मधला पावसाळा ताडपत्रीवर काढावा लागतो.

घराच्या आत आपण काहीही करू शकतो हा समज पक्का असतो, त्याचा अर्धाच भाग खरा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे इमारतीच्या आतली देखभाल, सुधारणा किंवा बदल, ज्याने बाहेरच्या रूपात फारसा फरक पडत नाही, त्याला विकास परवानगी लागत नाही. रंग, फरशी, गिलावा, नळ बदलणं यासाठी महापालिकेत जायची गरज नाही. पण साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या पुण्यातल्या कितीतरी इमारती ‘लोड बेअरिंग’ पद्धतीच्या आहेत. त्यांत खांब नसतात. नऊ इंची किंवा त्याहून जाड विटांच्या भिंतीच वरचे स्लॅब पेलतात. हॉल मोठा दिसावा म्हणून स्वयंपाकघराची भिंत काढली, तर काढला जातो तो वरच्या तीन घरांचा आधार. इंटिरिअरवाल्याला हे माहीत असेलच असं नाही. मूळ नकाशा मागा, नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागातून त्याची प्रत काढा आणि भिंतीला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. बाल्कनी बंद करून खोली करणं, डक्टमध्ये बाथरूम वाढवणं हे तर ‘आतलं काम’ नव्हेच.

इमारतीच्या वयाचा नियम सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा. आदर्श उपविधी सांगतात की इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे गेली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं. महापालिका अधिनियमाचं कलम २६५-अ त्याहून कडक आहे. पूर्णत्वाचा दाखला, भोगवटा परवानगी, किंवा निम्म्याहून अधिक जागेत प्रत्यक्ष राहायला लागणं, यातलं जे आधी घडलं त्यापासून तीस वर्षं झाली की मालकाने किंवा भोगवटादाराने महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून इमारत तपासून घ्यायची, स्थिरतेचा दाखला आयुक्तांना सादर करायचा आणि त्याने सुचवलेली दुरुस्ती मुदतीत पुरी करायची. न केल्यास दंड २५ हजार रुपये किंवा वर्षाच्या मिळकतकराएवढी रक्कम, जी मोठी असेल ती. कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी, कर्वेनगर इथल्या कितीतरी इमारती या उंबरठ्यावर आहेत किंवा तो ओलांडून गेल्या आहेत, आणि तिथल्या सभांमध्ये विषय मात्र पार्किंगचे.

ऑडिट म्हणजे इंजिनिअर येऊन भिंतीकडे मान वर करून पाहून जातो असं नसतं, निदान नसावं. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं आणि म्हणूनच त्यातली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, ओल त्याला मदत करते आणि काँक्रीटचा अल्कधर्म वरच्या थरापासून मरत जातो. तो थर सळईपर्यंत पोचला की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्याला जागा हवी म्हणून तो काँक्रीटचं कव्हर बाहेर ढकलतो. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा, मग फुगवटा, मग एक दिवस पार्किंगमधल्या गाडीच्या टपावर तुकडा. इंजिनिअर खांबाचा छोटा कोपरा फोडतो आणि त्या ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारतो. काँक्रीट गुलाबी झालं तर जिवंत आहे. रंग बदललाच नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत मेलं आहे. गुलाबी रेषा सळईच्या अलीकडे सुरू होते की पलीकडे, एवढं पट्टीने मोजलं की पुढच्या दहा वर्षांचा खर्च कळतो. त्याशिवाय रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक चाचणी, गरज पडली तर काँक्रीटचा कोअर काढून प्रयोगशाळेत. अहवालात या चाचण्यांचे आकडे नसतील आणि नुसते फोटो आणि ‘दुरुस्ती आवश्यक’ एवढंच असेल, तर तो अहवाल पैसे देऊन घेऊ नये. तड्यावर सिमेंट थापून वरून रंग मारणं हा गंज झाकून ठेवण्याचा प्रकार आहे. सळई उघडी करून, घासून, गंजरोधक लावून, मग पॉलिमर मॉर्टरने कव्हर भरावं लागतं.

अशा तपासणीनंतर धोकादायक इमारतींची वर्गवारी होते. राज्याच्या नगरविकास विभागाने २०१५ मध्ये ती ठरवून दिली. सी-१ म्हणजे राहायला अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे माणसं आत असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ही अक्षरं कोरडी दिसतात, पण एखादी इमारत सी-२ बी मधून सी-१ मध्ये गेली की शंभरभर माणसांचा पत्ता बदलतो. म्हणूनच मालकाने आणलेला अहवाल सी-१ म्हणतो आणि भाडेकरूंनी आणलेला सी-२ बी, असले सामने पेठांमध्ये नेहमी होतात.

आणि इथे आपण वाड्यांपाशी येतो. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार, रविवार, भवानी अशा पेठांमध्ये महापालिका दर पावसाळ्याआधी वाड्यांची पाहणी करते आणि अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटिसा लावते: दुरुस्त करा, टेकू द्या, नाहीतर पाडा. मालकाने ऐकलं नाही तर महापालिका स्वतः धोकादायक भाग उतरवू शकते आणि खर्च मालकाकडून वसूल करू शकते. नोटीस दिंडी दरवाजावर चिकटते, पावसात ओली होते, पुढच्या वर्षी तिच्यावर दुसरी चिकटते.

वाडा पडतो कसा, हे समजून घेतलं तर तो वाचवताही येतो. दगडी जोतं, त्यावर विटा आणि मातीच्या भिंती, सागवानी खांब, तुळया, कडीपाट आणि वर कौलं. ही रचना मूळची मजबूत आहे. वाळवी आणि पाणी या दोनच गोष्टी तिला मारतात. एक कौल सरकतं, त्यातून पाणी भिंतीत उतरतं, मातीची भिंत ते शोषून घेते. तुळईचं टोक भिंतीत ज्या जागी बसवलेलं असतं ते सगळ्यात आधी कुजतं, कारण तिथे हवा लागत नाही. खालून पाहिलं तर तुळई अखंड दिसते, रंगही चांगला असतो. भिंतीलगत पेचकस दाबून पाहिला की तो लोण्यात शिरावा तसा आत जातो. कौलं दर वर्षी मे महिन्यात चाळून घ्यायची, पन्हळी साफ करायच्या, भिंतीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर कोवळा असतानाच मुळासकट काढायचा, एवढं केलं तरी वाड्याला बरीच वर्षं काही होत नाही. शेजारचा वाडा पाडून तळघरासाठी खोदकाम सुरू झालं तर मात्र सामाईक भिंतीवर रोज लक्ष ठेवायला हवं. पानशेतच्या पुराने १२ जुलै १९६१ ला नदीकाठच्या पेठांमधले वाडे उद्ध्वस्त केले, त्या पाण्याला कुणी अडवू शकलं नसतं. नंतरच्या साठ वर्षांत जे वाडे गेले त्यातले बरेचसे सरकलेल्या कौलांनी नेले.

कौल चाळायचा खर्च करायचा कुणी? महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ म्हणतं: मालकाने. जागा चांगल्या, राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. त्याने ते केलं नाही तर भाडेकरूंनी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, मग एकेकट्याने किंवा मिळून दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून कापून घ्यायचा. कापायची मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. आता पेठेतल्या दोन खोल्यांचं भाडं महिना शंभर रुपये धरा. याहून कमीही आहेत. वर्षाचे बाराशे, चतुर्थांश तीनशे. तीनशे रुपयांत आज सिमेंटचं एक पोतं येईल न येईल. भाडं वर्षाला चार टक्क्यांनी वाढवायची मुभा कायद्याने मालकाला दिली आहे. शंभराचे एकशे चार होतात. मालकाच्या बाजूने पाहिलं तर वाड्याचं वर्षाचं सगळं भाडं एका सुताराच्या आठवड्याच्या मजुरीला पुरत नाही. तो वाडा पडायची वाट बघतो. भाडेकरू जागा सोडत नाही, कारण सोडली की हक्क जाईल ही धास्ती. दोघेही कायद्याने वागत असतात आणि तुळईचं टोक कुजत राहतं.

मुंबईत हाच पेच सरकारने वेगळ्या रीतीने सोडवायचा प्रयत्न केला. १९६९ च्या कायद्याने जुन्या मुंबई शहरातल्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला आणि त्या पैशातून दुरुस्ती करायला स्वतंत्र मंडळ नेमलं. ते पुढे म्हाडात आलं. त्या मंडळाचा कारभार आदर्श होता असं कुणी म्हणणार नाही. पण मालक आणि भाडेकरू दोघेही हात वर करतात तेव्हा तिसरं कुणीतरी कायद्याने बांधलेलं असतं. पुण्याला असं मंडळ कधीच मिळालं नाही. पेठांमध्ये तिसरा पक्ष म्हणजे महापालिका, आणि तिच्याकडे नोटीस आहे, हातोडा आहे, दुरुस्तीचा निधी नाही. माझ्या मते वाड्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठी उणीव हीच आहे.

भाडेकरूंची धास्ती मात्र अर्धी अनाठायी आहे. इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूपण संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी खटल्यात स्पष्ट केलं. तोही महाराष्ट्रातलाच खटला होता. महापालिकेने जागा रिकामी करायला सांगितलं तर बाहेर पडण्याआधी आपल्या खोलीचं क्षेत्रफळ मोजून त्याची अधिकृत नोंद करून घ्यावी, भाडेपावत्या, वीजबिल, रेशनकार्ड जपावं. नव्या इमारतीत हक्क मागताना हेच कागद कामी येतात.

वारसा यादीतल्या वास्तूंची कथा वेगळी. तिथे साधी खिडकी बदलायची तरी वारसा समितीचा विचार घ्यावा लागतो. १८०७ चा विश्रामबागवाडा किंवा नानावाडा महापालिकेच्या ताब्यात असल्यामुळे त्यांच्या जतनावर सरकारी पैसा लागू शकतो. खासगी मालकाच्या वाड्याला यादीत नाव मिळतं, पैसे मिळत नाहीत.

आता कुंपणाकडे. आवारभिंत ही कुणालाच आपली वाटत नाही. २९ जून २०१९ च्या पहाटेआधी कोंढव्यात एका सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसं गेली. उतारावरच्या भिंतीमागे माती आणि पाणी साठलं की ती नुसती भिंत राहत नाही, तिच्यावर धरणासारखा दाब येतो. म्हणून अशा भिंतीला पाणी बाहेर सोडणारी भोकं ठेवतात. ती मातीने बुजलेली असतील, भिंत बाहेरच्या बाजूला पोटावर आलेली असेल किंवा पलीकडच्या प्लॉटवर खोदकाम चालू असेल, तर पावसाआधी इंजिनिअर बोलवा आणि क्षेत्रीय कार्यालयात लेखी कळवून पोच घ्या.

झाड आपल्या अंगणात असलं तरी ते तोडण्याचा अधिकार आपला नाही. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि फांद्या छाटायच्या तरी आधी उद्यान विभागाकडे अर्ज करावा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुनी झाडं वारसा वृक्ष म्हणून आणखी संरक्षित झाली आहेत.

सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं हा गुन्हा आहे, हे अजून अनेक समित्यांना माहीत नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईला माणूस लावला तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘ठेकेदाराला काम दिलं होतं’ म्हणून सुटका होत नाही. २०२२ मध्ये वाघोलीत अशाच एका टाकीत कामगार गुदमरून मेले. महापालिकेत नव्याने आलेल्या गावांमध्ये ड्रेनेज अजून सगळीकडे पोचलेलं नाही, तिथे सक्शन मशीनची गाडी हाच एक रस्ता.

उंच इमारतींनी आणखी एक तारीख लक्षात ठेवायची: २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. होज रीलच्या कपाटात झाडू ठेवणाऱ्यांनी हे विशेष वाचावं. सौरऊर्जा, गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं यापैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत मिळते. पण प्रकल्प चालू असेल तरच. बंद पडलेल्या गांडूळखड्ड्यावर सूट घेणाऱ्यांची तपासणी होते. पावसाळ्यात गच्चीवरच्या कुंडीत आणि उघड्या टाकीत डासांच्या अळ्या सापडल्या की आरोग्य विभागाची नोटीस येते, ती वेगळी.

नव्या घरात राहायला गेलेल्यांना यातलं काहीच लागू नाही असं वाटतं. त्यांच्यासाठी रेरा कायद्याचं कलम १४ आहे: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कारागिरीत किंवा दर्जात दोष दिसला आणि विकसकाला कळवला, तर त्याने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. बाणेर, खराडी, उंड्रीकडे पहिल्याच पावसात बेडरूमच्या भिंतीला ओल येते आणि लोक स्वतःच्या पैशाने वॉटरप्रूफिंग करून मोकळे होतात. लेखी तक्रार, फोटो, पोच एवढं केलं तर तो खर्च तुमचा नाही.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. या वर्षी त्या सभेच्या विषयपत्रिकेत तीन गोष्टी घालायला सांगा: भोगवटा पत्राची तारीख आणि इमारतीचं वय, स्ट्रक्चरल ऑडिटचा ठराव, आणि सिंकिंग फंडाचा आजच्या दराने फेरविचार. ठराव झाला की दिवाळीपर्यंत अहवाल येतो, नाताळपर्यंत निविदा, आणि गच्चीचं काम कोरड्या हवेत मार्चपर्यंत उरकतं. जूनमध्ये ताडपत्री शोधत फिरण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.